जेवला का भाऊ?

मागच्या शनिवारची गोष्ट. पहाटे ट्रॅव्हल्सने जळगावला उतरलो, रिक्षा करून मेहरूणला घरी आलो, आईने दिलेला चहा घेतला आणि जो आडवा झालो तो साडेनऊपर्यंत. जाग आली ती आईच्या आवाजाने. पुढच्या खोलीत फोनवर बोलत होती.

"हॅलो... हां, बोल... जेवला का भाऊ?"

थोडी शांतता.

"हां... हां... बरं. कामात असशील. ठेव मंग."

आणि मग फोन कट झाल्यावर येतो तो टूं-टूं आवाज.

मी अर्धवट झोपेत विचार करत होतो की 'भाऊ' म्हणजे तर मी. (आमच्याकडे आया मुलाला सर्रास भाऊ म्हणतात. पुण्यातल्या मित्रांना हे समजावता समजावता मी थकलोय.) मी इथे पलंगावर लोळतोय, मग ही जेवला का म्हणून विचारतेय कुणाला? डोळे चोळत बाहेर आलो तर आई घरातच नव्हती. भाजी आणायला गेली होती. पुढच्या खोलीत फक्त मास्तर होते. एका पायावर उभे, मान तिरकी, नजर माझ्यावर.

मास्तर म्हणजे आमचा पोपट. नेहमीचा हिरवा नाही, आफ्रिकन ग्रे. करड्या रंगाचा, चोच काळी आणि शेपूट लालभडक. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो करडी सफारी घातलेला आणि मागच्या खिशातून लाल रुमाल बाहेर आलेला एखादा रिटायर्ड मास्तर वाटला. तेच नाव पडलं.

आता तुम्ही म्हणाल, पोपट पाळणं बेकायदा ना? हिरव्याच्या बाबतीत अगदी बरोबर. आपल्याकडचे पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, ते पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. ग्रे मूळचा मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांतला. तिथून पकडून आणलेल्या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2016 सालच्या जोहान्सबर्गच्या साइट्स परिषदेत बंदी आली. कारण वाचून मला नीट झोप लागली नव्हती. घाना देशात 1992 पासूनच्या काळात हे पोपट नव्वद ते नव्याण्णव टक्के कमी झाले होते. जगभरच्या लोकांना बोलणारा पोपट हवा होता, म्हणून. माझा मास्तर इथेच पिंजऱ्यात जन्मलेल्या आईबापांचा आहे असं विकणाऱ्याने लिहून दिलं होतं. पण खरं सांगायचं तर घेताना हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. सगळी अक्कल नंतर आली.

घेतला 2021 साली, वर्क फ्रॉम होम अगदी भरात असताना. पुण्यात वन बीएचके फ्लॅट, रूममेट गावी गेलेला, दिवसभर लॅपटॉपमधले चेहरे. चार महिन्यांचं पिल्लू होतं, डोळे काळेभोर. (ग्रेचे डोळे वयाबरोबर बदलतात. मास्तरांचे आता फिकट पिवळे झालेत.) सकाळच्या स्टँडअप मीटिंगला तो माझ्या खांद्यावर असायचा. टीममध्ये माझ्यापेक्षा तो पॉप्युलर. मायक्रोवेव्हची बीप, कुकरची शिट्टी, मीटिंगमध्ये कुणी जॉइन झाल्याचा आवाज, सगळं हुबेहूब काढायचा. मी वर्षभर आनंदात होतो. मला वाटायचं, आपण पक्षी पाळलाय. प्रत्यक्षात त्याने त्याचा थवा निवडला होता, आणि त्या थव्यात मी एकटाच होतो.

2022 मध्ये ऑफिस परत सुरू झालं. आधी दोन दिवस, मग तीन, मग रिलीज आली की पाचही. सकाळी आठला निघायचो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून परत यायला रात्रीचे साडेआठ. दोनेक महिन्यांनी पिंजऱ्याच्या तळाशी करडी पिसं दिसायला लागली. मी म्हटलं, झडत असतील. मग एक दिवस त्याच्या छातीवर रुपयाएवढी उघडी गुलाबी कातडी दिसली. पुढच्या आठवड्यात ती तळहाताएवढी झाली. तो स्वतःच स्वतःची पिसं उपटत होता.

पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, कॅल्शियम कमी निघालं. या जातीत ते कमी होतंच, आणि मी त्याला देत होतो नुसत्या सूर्यफुलाच्या बिया, म्हणजे जवळजवळ रोज वडापाव. डॉक्टरांनी आहार बदलून दिला. मग विचारलं, "तुम्ही घरातून किती वाजता निघता? परत किती वाजता येता?" मी सांगितलं. त्यांनी यावर काही लिहिलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

आता इंजिनियर माणूस प्रॉब्लेम आला की काय करतो? वस्तू विकत आणतो. मी लाकडी खेळणी मागवली, स्पीकर आणला, त्यावर माझ्याच आवाजात "नमस्कार, मी मास्तर" हे दिवसभर लूपवर लावून ठेवलं. वर एक वेबकॅम. त्या वेबकॅमनेच माझा घात केला. संध्याकाळचे सहा वाजले की मास्तर दाराकडे तोंड करून बसायचा. हलायचा नाही. मी ऑफिसात बसून बघायचो. साडेसहा, सात, साडेसात. त्याला माझी जुनी वेळ पाठ होती, सहाला लॅपटॉप बंद व्हायचा ती. स्पीकरमधला मी इकडे नमस्कार नमस्कार करत असायचो आणि तो ढुंकूनही बघत नव्हता.

शेवटी 2022 च्या डिसेंबरात मित्राची गाडी घेतली, मागच्या सीटवर पिंजरा बेल्टने बांधला आणि निघालो. अजिंठ्याचा घाट उतरलो, फर्दापूर, पहूर करत संध्याकाळी मेहरूण. पप्पा 2019 ला गेल्यापासून आई घरात एकटीच. तिने पिंजरा बघितला आणि म्हणाली, "हे काय आणलं? याचे तर पंख गेले रे बापा! किती दिवस ठेवणार?"

"पंधरा दिवस," मी म्हटलं.

त्या पंधरा दिवसांना आता तीन वर्षं होऊन गेली :)

जाताना मी आईला दोन पानी सूचना लिहून दिल्या होत्या. चहा, चॉकलेट, कांदा, अ‍ॅव्होकाडो अजिबात नाही. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या धुराने पक्षी मरतो. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता. सकाळचं कोवळं ऊन. आईने वाचलं आणि म्हणाली, "अ‍ॅव्होकाडो इथं कुठं भेटते? अन् माझा तवा बिडाचा आहे." संपला विषय. तिने त्याला मोड आलेली मटकी दिली, शेवग्याचा पाला दिला, गाजर, डांगर, पेरू. हिवाळ्यात मेहरूणची बोरं, बी काढून. (तलावाकडच्या झाडांवरचे हिरवे राघू हीच बोरं फुकट खातात, मास्तरांना घरपोच.) एकदा हातातली हिरवी मिरची त्याने ओढून घेतली आणि बियांसकट खाल्ली. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही हे मी नंतर वाचलं. आईने त्याच दिवशी जाहीर केलं, "हा खान्देशी झाला."

पण खरी गोष्ट खाण्यापिण्यात नव्हती. आईने त्याला पहिले पंधरा दिवस हातसुद्धा लावला नाही. ती फक्त तिथे असायची. मेथी निवडताना, तांदूळ पाखडताना, दुपारी पेपर वाचताना. तिच्या लेखी तो बोलणारा पक्षी नव्हताच, घरात आलेला आजारी पाहुणा होता.

मग मे महिना आला. जळगावचा मे ज्याने बघितलाय त्याला सांगायची गरज नाही, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. एका दुपारी लाईट गेली आणि कूलर बंद. पक्ष्यांना घाम येत नाही. मास्तर चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकायला लागला. आईने खिडकीला ओलं गोणपाट लावलं, स्प्रेच्या बाटलीने त्याच्यावर पाणी मारलं आणि दोन तास पुठ्ठ्याने वारा घातला. मला हे कळलं तिसऱ्या दिवशी. "तेव्हाच फोन का नाही केला?" मी विचारलं. "तू कामात असशील," ती म्हणाली.

जूनमध्ये घरी गेलो तर छाती बरीचशी भरून आली होती. एक बारीक टक्कल राहिलं, ते आजही आहे. पिसाचं मूळच दुखावलं की तिथे पीस परत येत नाही म्हणतात. मी हौसेने हात पुढे केला, आणि मास्तरांनी बोटाला असा चावा घेतला की रक्त आलं. मग सरसर चालत जाऊन ते आईच्या मनगटावर बसले. आई हसली, पण मला मात्र लागलं. बोटाला नाही. ज्याच्यासाठी महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे मोजले होते, त्याने माझा राजीनामा मंजूर केला होता.

दुसरा धक्का सरकारी होता. कायद्यातल्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारी 2024 मध्ये नियम आले, की घरात असे विदेशी प्राणी-पक्षी असतील तर परिवेश पोर्टलवर सहा महिन्यांत नोंद करा. मी रात्री बसून फॉर्म भरला. प्राणी कुणाच्या ताब्यात आहे, तिथे आपोआप माझं नाव टाइप केलं. मग थांबलो. बॅकस्पेस दाबून आईचं नाव लिहिलं. कायद्याने तेच बरोबर होतं, आणि तसंही.

असो. तर शनिवारचा तो फोन.

अमेरिकेत आयरिन पेपरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी 1977 साली शिकागोच्या एका दुकानातून ग्रे पोपट घेतला, त्याचं नाव अ‍ॅलेक्स. 2007 साली तो गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि शंभरावर शब्द, रंग, आकार त्याला समजून वापरता येत होते. त्यांची शिकवायची पद्धत मजेशीर होती. पोपटाला थेट शिकवायचंच नाही. त्याच्यासमोर दोन माणसांनी एकमेकांशी बोलायचं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, बरोबर आलं की ती वस्तू त्याला मिळायची. पोपट ते बघतो आणि त्यालाही त्या बोलण्यात घुसावंसं वाटतं. नुसत्या टेप लावून, व्हिडिओ दाखवून ते शिकले नाहीत.

म्हणजे माझा लूपवरचा नमस्कार फुकट गेला तो का, हे उघड आहे. मास्तरांनी तो एकदाही म्हटला नाही. मेहरूणच्या घरात मात्र त्यांना रोज एक खरं संभाषण ऐकायला मिळत होतं. रात्री नऊ वाजता, आईचं आणि माझं. दिवसभरात त्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलतात असं तेवढंच. आणि बोलताना आईचा आवाज बदलत असणार, म्हणून त्याने नेमकं तेच उचललं.

शनिवारी मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो आणि त्याने परत सुरू करायची वाट बघितली. अर्ध्या तासाने त्याने केलं. या वेळी मी घड्याळ लावलं. "हॅलो"पासून टूं-टूंपर्यंत पंचवीस सेकंद. मधल्या शांततेत, जिथे मी बोलत असतो, तिथे तो घशातल्या घशात एक बारीक "हं... हं" काढतो. ते उत्तर म्हणजे मी.

पोपटाने संभाषण कापून छोटं केलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग मोबाईलचा कॉल लॉग उघडला. एक मिनिट दोन सेकंद. अठ्ठेचाळीस सेकंद. एकोणचाळीस सेकंद. एक मिनिट. बहुतेक सगळे तसेच. मास्तरांनी फार काही कापलं नव्हतं. 'ठेव मंग' आई म्हणते हे खरं, पण मी ज्या पद्धतीने 'हं' म्हणतो ते ऐकल्यावर दुसरं काय म्हणणार?

मला त्या 'जेवला का'चा कायम थोडा कंटाळा यायचा. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, माहिती शून्य. पण रानातले पोपटसुद्धा हेच करतात. झाडीत एकमेकांना दिसत नाहीत तेव्हा सारखी साद घालत राहतात. अर्थ एवढाच, मी इथे आहे, तू कुठेस? आमच्या कामात एक सर्व्हर दुसऱ्याला दर काही सेकंदांनी असाच पिंग पाठवतो. त्यात मजकूर काहीच नसतो. पण उत्तर आलं नाही की रात्री दोन वाजता मला अलर्ट येतो आणि मी धडपडत उठून बसतो. त्याला मी कधी निरर्थक म्हटलं नाही.

आई भाजी घेऊन आली. "काय करी राहिला रे त्याच्यासमोर?" मी काही सांगितलं नाही. पिशवी घेतली, भरताची वांगी निवडून दिली. दुपारी तिने स्वतःहूनच विषय काढला. हे पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगतात हे तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. "मी काय तेवढी पुरणार आहे? माझ्यानंतर तो तुझ्याकडंच येईल. तवा त्याच्याशी आत्तापासून बोलत जा. नाहीतर पुन्हा पंख उपटंल तो."

रविवारी रात्रीच्या गाडीने परत निघालो. निघताना मास्तरांसमोर बोट धरलं. चावले नाहीत. वर बसलेही नाहीत. नुसती चोच टेकवून बघितली.

सोमवारी नऊ वाजता फोन केला. "जेवला का भाऊ?" आईने विचारलं. मी म्हटलं, हो, आणि मग काय जेवलो ते सांगितलं. डब्यातली भाजी कशी पांचट होती ते सांगितलं. तू काय केलंस विचारलं. तिने गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगितलं. मग म्हटलं, "फोन स्पीकरवर टाक, मास्तरांपाशी ने." मागून मास्तर जोरात ओरडले, "ठेव मंग!"

"थांब रे मेल्या," आई त्याला म्हणाली, "बोलू दे आम्हाला."

एकोणीस मिनिटं झाली. आता बघू, हे त्यांना पाठ व्हायला किती दिवस लागतात.