आईची चक्कर आणि पाच मिनिटांचा उपाय

गेल्या पावसाळ्यात आई सकाळी उठायला गेली आणि "अगं, घर फिरतंय" म्हणत पलंगाची कड धरून बसली. कूस बदलली की परत तेच. कुणी बीपी म्हणालं, कुणी अशक्तपणा, कुणी मानेचा मणका. गळ्यात पट्टा आला, एमआरआय झाला, दोन महिने गोळ्या झाल्या. पैसे गेले, चक्कर तशीच. आई एकटी बाथरूमलाही जाईना.

शेवटी एका कान-नाक-घसा डॉक्टरबाईंनी तिची मान वळवून तिला झटकन आडवं केलं आणि डोळ्यांची थरथर पाहिली. म्हणाल्या, कानातले कॅल्शियमचे बारीक कण तोल सांभाळणाऱ्या नळीत घुसलेत. मग डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते बाहेर काढले. पाच मिनिटं. ना औषध, ना यंत्र.

ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक यांची, १९५२ सालची. उपाय अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांचा. आधी सहकाऱ्यांनी त्यांना हसण्यावारी नेलं. १९९२ मध्ये शोधनिबंध छापून आला. पुढे चाचण्यांमध्येही तो खरा उतरला.

मग तालुक्याच्या दवाखान्यात तो पोचायला अजून किती वर्षं? त्याला लागते एक खाट आणि शिकलेले दोन हात.

प्रत्येक चक्कर कानाची नसते. बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा. पण कूस बदलताना काही सेकंद घर फिरत असेल, तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: कान तपासायचा का?