मिशिगनच्या वाळूतला मुलेन

मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला आमच्या घराच्या दक्षिण अंगाला वाळू-खडीचा एक पट्टा आहे. दिवसभर ऊन, पाणी टाकलं की लगेच निचरा. मुलेन या झाडाला नेमकी अशीच जागा लागते. खत घातलेल्या ओलसर मातीत तो नुसताच माजतो आणि दुसऱ्या वर्षी त्याचा तुरा वाऱ्याने लवंडतो.

बी मोहरीहून कितीतरी बारीक. ते मातीआड करायचं नाही. वर भुरभुरायचं आणि तळहाताने दाबायचं, कारण उजेडाशिवाय ते नीट रुजत नाही. रोप हलवायचं तर लहानपणीच. एकदा सोटमूळ खोल गेलं की उपटून लावलेलं झाड सहसा जगत नाही.

पहिल्या वर्षी जमिनीलगत फक्त पानांचा गोल फेर दिसतो. पान जाड, घोंगडीसारखं लवदार. भिंगातून पाहिलं तर त्यावरच्या प्रत्येक केसाला फांद्या फुटलेल्या दिसतात! या लवेमुळे पानातली ओल टिकते, पण नाजूक कातडीला ती खाजते, म्हणून मी हातमोजे घालूनच सुकलेली पानं काढते.

हा फेर बर्फाखाली हिवाळा काढतो, आणि थंडी सोसल्याशिवाय त्याला तुरा येत नाही. पुण्याची बहीण बी मागते, तिला मी नाही म्हणते ते याचसाठी. भारतात मुलेन पाहायचा तर काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर. तिथे तो आपणहून वाढतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात मधूनच दांडा उठतो आणि बघता बघता डोक्याच्या वर जातो. फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची. प्रत्येक फूल एकाच दिवसाचं: पहाटे उमलतं, दुपारी मिटतं. पण मला फुलांपेक्षाही ओढ असते ती लोकर गोळा करणाऱ्या मधमाशीची. ही एकेकटी राहणारी, मूळची युरोपातली जात. मादी पानावर बसून जबड्याने लव खरवडत जाते, तिचा गोळा करते, पोटाखाली धरून उडते आणि त्याने घरट्याचं अस्तर करते. नर तेवढ्यात फुलांवर पहारा देतो आणि आलेल्या दुसऱ्या माश्यांना हुसकून लावतो. खरवडलेल्या जागी पानावर हिरवा पट्टा उघडा पडतो. ते पान मी कधीच काढत नाही.

मग येतं बी, आणि इथे हयगय चालत नाही. एक झाड लाखभर बिया सहज देतं. त्या पडतात बुंध्याजवळच, पण टिकतात पिढ्यान् पिढ्या. याचा पुरावा याच गावात पुरलेला आहे. 1879 मध्ये विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने इथल्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात बियांच्या 20 बाटल्या पुरल्या. 2021 मध्ये, बियांना उजेड लागू नये म्हणून रात्रीच्या अंधारात, त्यातली एक उकरली गेली. 141 वर्षांनंतरही मुलेनच्या जवळच्या नात्यातल्या व्हर्बॅस्कम ब्लॅटेरियाच्या बिया रुजल्या आणि रोपं फुललीसुद्धा. पुढची बाटली 2040 मध्ये निघायची आहे.

मुलेन अमेरिकेत युरोपातल्या वसाहतकऱ्यांबरोबर आला. कोलोरॅडोसारख्या राज्यात त्याची गणना उपद्रवी तणात होते. म्हणून लावणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: एखाददुसरा तुरा बियांसाठी ठेवा, बाकीचे बोंडं तपकिरी होण्याआधी बुडातून कापा.