अकरा खडे



संत सावता महाराजांचे चरित्र मी चाळीसएक वर्षे कीर्तनात सांगितले. अरणचा हा माळी पंढरीला गेला नाही, मळ्याचे काम हीच त्याची पूजा. 1295 साली त्याने देह ठेवला, तरी आजही पांडुरंगाची पालखी त्याच्या भेटीला अरणला जाते. हे सांगताना श्रोत्यांचे डोळे भरून यायचे. माझ्या घरात मात्र एक लेक ओसरीवर रिकामा बसून होता, हे मला दिसत नव्हते.

आमचा धाकटा आज 44 वर्षांचा आहे. गाव त्याला खुळा म्हणे. सरकारी कागदावर तो बौद्धिक दिव्यांग. अठराव्या वर्षी विशेष शाळा सुटली आणि पुढे त्याच्यासाठी काहीच नव्हते. एकदा सप्ताहात माझे कीर्तन चालू असता तो मध्येच ओरडला. मी निरूपण न थांबवता हाताने खूण केली आणि एका टाळकऱ्याने त्याला मंडपाबाहेर नेले. कीर्तन रंगले, असे सगळे म्हणाले. ती खूण माझ्या हाताला अजून आठवते.

पुढे गळा बसला, कीर्तन सुटले. परसात तुळशीची अकरा रोपे लावली आणि त्याच्या हाती तांब्या दिला. पंधरा दिवसांत निम्मी रोपे कुजली, कारण तांब्या रिकामा झाला की तो भरायचा आणि त्याच रोपाला पुन्हा घालायचा. मी रागावलो. तेव्हा त्याची आई म्हणाली, "अहो, सप्ताहात विणेकऱ्याला पहारा कधी सुरू, कधी संपला ते सांगता ना? याला कुणी सांगितलं?"

मग अकरा खडे वेचून आणले आणि दोन वाट्या ठेवल्या. एका रोपाला एक तांब्या, की एक खडा दुसऱ्या वाटीत. खडे संपले, काम संपले. मातीत बोट घालायचे; ओले निघाले तर पाणी नाही, पण खडा टाकायचाच. त्याला आकडे येत नाहीत, तरी त्यानंतर त्याच्या हातून एकही रोप कुजले नाही.

तुमच्या घरी असे लेकरू असेल तर आधी मेथी पेरा, माउली. चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात ताटात येते. वाट पाहणे ज्याला जड जाते त्याला एवढेच जमते. वाल, भोपळा अशा मोठ्या बिया चिमटीत नीट धरता येतात. तुळशीचे बी फार बारीक, ते वाळूत मिसळून द्यावे. फवारणीचे औषध त्याच्या हाती लागू देऊ नये. आणि मेलेले रोप रात्री गुपचूप बदलू नये. मी एकदा तसे केले. सकाळी त्याने ओळखले आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

मंजिरी खुडली की तुळस फुटते, दाट होते. हे त्याला शिकायला दोन पावसाळे लागले. आता एकादशीला मंदिरातला हार त्याच्या तुळशीचा असतो. पूर्वी लोक त्याच्याविषयी मला विचारत. आता हार कधी आणतोस, म्हणून त्यालाच विचारतात. तो बरा झाला असे मात्र समजू नका. ओरडणे आहेच. आमच्या मागे त्याचे कोण, हा घोर रात्री मला आणि त्याच्या आईला आहेच.

यंदा दिंडी निघायच्या आधी त्याला विचारले, "पंढरीला येतोस का?" पावसाने ओढ दिली होती. तो म्हणाला, "पाणी?"

पुतण्याच्या बायकोने ती जबाबदारी घेतली. त्याने तिला परसात नेले, वाट्या दाखवल्या, तांब्या दिला. तिने गडबडीत एक खडा चुकवला. त्याने सगळे खडे पुन्हा पहिल्या वाटीत ओतले आणि तिला पहिल्या रोपापाशी आणून उभे केले.