रातपाळीची झोप

आम्ही चौघी कोल्हापुरात नर्सिंग शिकलेल्या मुली. दोघी सिद्धार्थनगरातल्या, दोघी खेड्यातून येऊन वसतिगृहात राहिलेल्या. आपापल्या घरात नर्सचा गणवेश घालणाऱ्या आम्हीच पहिल्या. म्हणून कौतुक खूप झाले. पण आमच्या झोपेची चौकशी कोणी केली नाही.

शिकत असताना रातपाळी म्हणजे रात्री आठला वॉर्डात शिरायचे ते सकाळी आठला बाहेर पडायचे. दहाला पुन्हा वर्ग. तिथे डोळे मिटले की बाई उभे करीत. दुपारी घरी येऊन अंग टाकावे तर नळाला पाणी आलेले, शेजारी टीव्ही मोठ्याने लावलेला. आई म्हणायची, "भरल्या दिवसाची लोळतीयास व्हय?" तिचा दोष नव्हता. दिवसा झोपणारी पोर आळशी, हेच तिने जन्मभर ऐकलेले.

एका पहाटे आमच्यातली एकजण इन्सुलिनची सुई घेऊन म्हातारीच्या खाटेपाशी गेली. ती तिची सलग पाचवी रातपाळी. म्हातारी म्हणाली, "बाई, मघाशी दिलीसा की ही सुई!" वही पाहिली तर खरेच दिलेली होती. शेजारच्या खाटेची सुई ती हिला देणार होती. दुसऱ्यांदा इन्सुलिन गेले असते तर म्हातारीची साखर उतरून ती बेशुद्ध पडली असती, कदाचित दगावलीही असती. त्या दिवशी आम्ही चौघी खूप रडलो, पण कोणाला सांगितले नाही.

प्रयोगांत असे दिसले आहे की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे थोडी दारू प्याल्यासारखे मंदावतात. पहाटे तीन ते पाच ही वेळ तर सर्वांत वाईट. शरीराचे घड्याळ तेव्हा झोपच मागते. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते, आणि दिवसाची झोप उजेडामुळे, गोंगाटामुळे तुटक होते.

कोणी म्हणेल, सेवेत त्याग आलाच. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता प्राण ठेवला. त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण सावित्रीबाईंनी स्वतःचा जीव दिला. आमच्या पेंगण्यात जीव जातो तो रोग्याचा. त्याला त्याग कसे म्हणायचे?

आमच्यातल्या एकीचे वडील शिरोलीच्या फौंड्रीत राबले. कामगारांचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ मध्ये झाला. तेव्हा बाबासाहेब मजूरमंत्री होते. वडिलांना आपले तास तोंडपाठ. शिकाऊ मुलीची रात्र मात्र काम धरायची की अभ्यास, इथेच घोडे अडते.

म्हणून शिक्षणसंस्थांना विनंती, रातपाळीच्या सकाळी वर्ग ठेवू नका. आणि आईबापांनो, मुलगी रातपाळी करून आली की तिला पाण्याला, दळणाला उठवू नका. खिडकी झाका, टीव्हीचा आवाज कमी करा. तिची झोप हा तिच्या कामाचाच भाग आहे.

आमच्यातली एक आजही रातपाळी करते. तिची आई आता खिडकीला सतरंजी टांगून उंबऱ्यात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "हळू बोला, पोरगी रातपाळी करून आलीया."