लेखनाची जागा

साहित्यकृतीच्या निर्मितिप्रक्रियेची चर्चा करताना लेखकाची जाणीव, त्याचा वर्ग, त्याचे वाचन यांचा विचार होतो. तो कोठे बसून लिहितो हा प्रश्न मात्र चरित्रकाराकडे सोपवून समीक्षक मोकळा होतो. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात, वडिलोपार्जित घरात, लिहिण्यासाठी एक खोली करू पाहणाऱ्या प्राध्यापकाला असे मोकळे होता येत नाही. ऊसशेतीवर चालणाऱ्या घरात रिकामी खोली नसतेच. एकीत धान्याची पोती आणि खताच्या गोण्या, दुसरीत परीक्षेला बसलेला पुतण्या. टेबल ठेवायचे तर काहीतरी हलवावे लागते, आणि बहुधा कोणालातरी. ते सोप्यात मांडले तर येणारा-जाणारा त्यावर पिशवी ठेवतो आणि लिहीत बसलेला माणूस रिकामा आहे असे समजून गप्पांना बसतो. दार लावून घ्यावे, तर घरात आजारपण आहे किंवा वाटणीचे बोलणे चालू आहे, असा अर्थ निघतो.

तालुक्याच्याच गावी, कऱ्हेकाठच्या बारामतीत, मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आयुष्याची सुमारे चार दशके काढली. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगण्याचे काम आणि त्यातून आलेले स्थैर्य यांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात येतो, पण तो आश्रयाच्या संदर्भात. त्या स्थैर्याचा रचनेशी असलेला संबंध अधिक निकटचा आहे. त्यांच्या अनेक रामायणांपैकी एक निरोष्ठ आहे. म्हणजे त्यात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य. ‘म’ हा ओष्ठ्य असल्यामुळे रामकथा सांगताना ‘राम’ हा शब्दच उच्चारता येत नाही! अशी रचना चालता-बोलता सुचत नाही. शब्द मांडावा, खोडावा, पर्याय शोधावा, पुन्हा पहिल्या चरणाकडे यावे, यासाठी बैठक लागते, आणि ती उद्याही तेथेच असेल असा भरवसा लागतो. मोरोपंतांच्या शब्दचमत्कृतीला कृत्रिम म्हणणाऱ्यांनी या भरवशाचा विचार केलेला दिसत नाही. शिवाय त्यांच्या बैठकीपासून श्रोता दूर नव्हता. आर्या लिहिली जात होती ती कानासाठी.

बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) स्थिती नेमकी उलट आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. ओवी जात्यावर आणि शेतात सुचली. सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी टिपून घेतली तेवढी १९५२ साली ग्रंथरूपाने आली, बाकीची हवेत गेली. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली स्त्रीच्या लेखनासाठी स्वतःची खोली आणि स्वतःचे उत्पन्न यांची अट सांगितली. बहिणाबाईंची कविता त्या अटीला अपवाद म्हणून दाखवण्याचा मोह होतो. परंतु खोलीने कविता मिळते असे नव्हे, खोडण्याची आणि जपून ठेवण्याची सोय मिळते. बहिणाबाईंना नाकारली गेली ती ही सोय.

दार लावलेली खोली मराठी लेखकाला कधीकधी सरकारनेही दिली आहे. ‘गीतारहस्य’ १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिले गेले. ‘श्यामची आई’चा जन्म १९३३ साली नाशिकच्या तुरुंगातला. घरात न लाभणारा एकांत तेथे सक्तीने लाभला, हे मान्य करणे जरा अवघड जाते.

कोऱ्हाळ्याच्या घरात अखेर मोकळी करून मिळते ती बहुधा माजघरालगतची खोली. दुपारी बायका तेथे धान्य निवडत बसतात. लिखाणासाठी ती मागितली तर कोणी नाही म्हणत नाही, कारण मागणारा शिकलेला आणि पुरुष असतो; बायका सुपे उचलून परसात जातात. त्यांना सोप्यात बसता येत नाही. त्यांच्याबरोबर त्यांचे बोलणेही जाते: शेजारच्या घराची उणीदुणी, माहेरच्या आठवणी, एकाच वाक्यात तीन माणसांची सोंगे आणणारी कथनाची रीत. आत टेबलावर असतो ग्रामीण कादंबरीतील बोलीच्या वापरावरचा निबंध. खोली आता शांत असते, आणि निबंधासाठी उदाहरणे छापील पुस्तकांतून काढावी लागतात.