लोणीचा मुक्काम

पुण्यातील मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या निघाल्या, की हडपसरला त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवेघाटाकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला मुक्कामास जाते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला हा सोहळा. वर्षानुवर्षे कॉलेजात तुकाराम शिकविणाऱ्या बापाने तो आपल्या मुलास दाखवू नये, हे मला कसेसेच वाटत होते. म्हणून यंदा मी हट्टच धरला.

आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे. त्यांच्या फाइलीत तीन नावे आहेत. चौथ्या वर्षी ‘स्वमग्नता’ मिळाली, सातव्या वर्षी ‘अतिचंचलता’ आणि गेल्या वर्षी ‘चिंताविकार’. लिओ कॅनर यांनी स्वमग्न मुलांचे प्रसिद्ध वर्णन केले ते १९४३ साली. पण अशा मुलाला अतिचंचलताही असू शकते, हे अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने मान्य केले २०१३ साली. तोवर एक नाव दिले की दुसरे देऊ नये, असाच त्या ग्रंथाचा दंडक होता. घरात मात्र तिन्ही एकाच ताटात जेवतात. स्वमग्नतेला रोज तेच हवे असते. चंचलतेला त्याचाच कंटाळा येतो. आणि काही बदलले, की चिंता हात धुऊन पाठीस लागते. मुलगा वर्गातून उठून गेला, तर तो कंटाळला, की दिव्यांचा त्रास झाला, की भ्याला? तिन्हींचे उपाय वेगळे, आणि दिसणे मात्र एकच.

हे सारे मला पाठ होते. तरीही त्या दिवशी लोकलने लोणी स्टेशन गाठले आणि गावाच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. दिंड्या येऊ लागल्या. टाळ, मृदंग, वर कर्णे. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. शेजारी चिरंजीव कानांवर हात दाबून धुळीत बसले होते. मग किंकाळ्या सुरू झाल्या. स्वतःचेच मनगट त्याने चावून लाल केले. गर्दीतून कोणी म्हणाले, “दोन ठेवून द्या, मास्तर!” मी मास्तर आहे हे त्याला कसे कळले, देव जाणे. शरमेने माझे कान तापले आणि मी मुलाचा दंड खसकन ओढला.

डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी थांबली. “लेकराला काय होतंय?”

“काही नाही हो, हट्टी आहे,” मी म्हणालो.

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. “हट्टी न्हाई बाबा, भ्यालंय ते,” म्हणाली. पुढे येऊन अशी उभी राहिली, की तिची सावली त्याच्यावर पडावी. तो जरा निवला, तेव्हा दिंडी गाठायला लगबगीने निघून गेली.

परतीच्या गाडीत ही बराच वेळ गप्प होती. हडपसर आले तेव्हा एवढेच म्हणाली, “तीन नावं पाठ आहेत तुम्हांला. वेळेवर एकही आठवलं नाही.”

यावर मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

दसरा झाल्यावर पुन्हा लोणीला गेलो. या खेपेस आधी आठ दिवस रोज संध्याकाळी रस्त्याचे फोटो दाखविले आणि एका कागदावर क्रम लिहून दिला: लोकल, रिक्षा, रामदरा, वडापाव, लोकल, घर. गावाजवळ पेट्रोल-डिझेलचे डेपो आहेत. रस्त्यातले टँकर मोजता मोजता प्रवास सुखाचा झाला. रामदऱ्याचे देऊळ डोंगराच्या कुशीत, भोवती पाणी, काठाला नारळीची झाडे. आडवार असल्याने माणसे तुरळक होती. चिरंजीवांनी झाडे मोजली. पुन्हा मोजली, आकडा दुप्पट आला. त्यांचा चेहरा बदलू लागला, तसा माझ्या पोटात गोळा आला. पण मी दंड धरला नाही. शेजारी उकिडवा बसलो. काही वेळाने तोच म्हणाला, “पाण्यातली पण मोजली मी,” आणि हसला.

येताना थेऊरची पाटी दिसली. ब्रह्मदेवाचे चंचल चित्त तेथे स्थिर झाले, म्हणून ‘स्थावर’पासून थेऊर, अशी व्युत्पत्ती सांगतात. चिंतामणीच्या दारी जाण्यास आमच्याइतके हक्काचे कुटुंब कोण असणार? पण वळलो नाही. कागदावर थेऊर नव्हते.

स्टेशनात गाडीची वाट पाहत असता त्याने एकाएकी विचारले, “ती आजी कुठाय?”

चार महिन्यांत त्याने तिचे नावही काढले नव्हते.

“पंढरपूरला गेली होती. आता घरी असेल.”

“पुढच्या वर्षी येईल?”

“येईल बहुधा.”

तो बराच वेळ रुळांकडे पाहत राहिला. मग कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, “लिहा. पालखी. लांबून. कान झाकून.”

मी खिशातले पेन काढले आणि तो सांगेल तसे, त्याच क्रमाने लिहून घेतले.