तीनशें ठिपके

वडिलांच्या निवडक लेखांचें एक छोटेंसें पुस्तक त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धापूर्वीं काढावें, असें आम्हां भावंडांच्या मनानें घेतलें. लेख जुळविणें, मुद्रितें तपासणें, प्रस्तावनेसाठीं कोणाच्या तरी मागें लागणें हीं कामें मला परिचयाचीं होतीं. जवळजवळ तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाला चुका काढण्याची संवय असतेच. पुस्तक अडलेंच तर कागदाच्या भावावर अडेल, असा माझा अदमास होता. तें अडलें एका छायाचित्रावर.

वडिलांना छायाचित्र काढून घेण्याचा मनस्वी कंटाळा. असलेलीं चारदोन चित्रें सांगलीच्या घरीं एका अल्बमांत चिकटविलेलीं होतीं, आणि २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी घरांत शिरलें तेव्हां तो अल्बम खालच्या कपाटांत होता. त्याचीं पानें एकमेकांस अशीं चिकटलीं कीं सोडवूं जातां चेहरे कागदावरून निघून येत. त्यांतील एक चित्र माझ्या पुतण्यानें पुराच्या आधींच आपल्या फोनवर टिपून नातेवाइकांना धाडलें होतें. तो फोन केव्हांच मोडींत गेला. फोनाफोनींतून फिरतां फिरतां आकसलेली एक प्रत माझ्यापाशीं उरली. चित्र १९७६ सालचें. घराच्या पायऱ्यांवर आजी, आई, आम्ही तिघें भावंडें, आणि अगदीं कडेला, निघायची घाई असल्यासारखे उभे राहिलेले वडील.

मला अर्थातच एकटे वडील हवे होते, आणि तेहि सबंध पानावर. पुस्तकाचें पान साडेपांच इंच रुंद व साडेआठ इंच उंच. छापखान्याकडून निरोप आला कीं चित्र ३०० डीपीआयचें द्यावें, म्हणजे इंचाला तीनशें ठिपके. मला तो एखाद्या प्रवेशअर्जांतील रकान्यासारखा प्रकार वाटला. मीं संगणकावर चित्र उघडलें, छातीपर्यंतचे वडील कापून घेतले, एका चौकटींत ७२ हा आंकडा होता तो पुसून ३०० लिहिला, खालीं पानाची लांबीरुंदी घातली, आणि यंत्रानें कुरकुर न करतां तशी फाईल करून दिली. माझ्या वयाच्या इतर प्राध्यापकांना हें जमलें नसतें, असा विचारहि मनांत येऊन गेला, हें कबूल केलें पाहिजे.

छापखान्यांत संगणकावर बसणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची. तिनें फाईल मोठी करून क्षणभर पाहिली आणि ती अदबीनें म्हणाली, "सर, आंकडा बरोबर आहे. फोटो नाहीं."

मग तिनें मला चार गोष्टी समजावून सांगितल्या. चित्राचें खरें भांडवल म्हणजे त्यांतील चौकोनी कणांची, पिक्सेलांची, संख्या. इंचाला किती, हा केवळ वांटणीचा प्रश्न. माझें मूळ चित्र १२०० कण रुंद व ९०० कण उंच होतें. इंचाला ३०० प्रमाणें वांटलें तर चार इंच रुंद व तीन इंच उंच होईल. त्यापुढें दमडी नाहीं. वडिलांच्या वांट्याला त्यांतले २२० बाय ३४०, म्हणजे पाऊण इंच रुंदीचा तुकडा. सबंध पानाला मात्र १६५० बाय २५५० लागतात. तेव्हां प्रत्येक खऱ्या कणामागें पंचावन्न कण यंत्रानें पदरचे घातले होते! दोन ओळींचें ज्ञान चार पानांवर पसरणाऱ्या उत्तरपत्रिका मीं जन्मभर तपासल्या. त्या दिवशीं मींच एक लिहून नेली होती.

पण तीनशेंच कां? यंत्राची शाई फिकी होत नाहीं. ती कागदावर लागते किंवा लागत नाहीं. करडी छटा उमटते ती लहानमोठ्या ठिपक्यांच्या दाटीमुळें. हाफटोनची ही युक्ति एकोणिसाव्या शतकांतली, आणि तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून विलायतेच्या पेनरोज वार्षिकांत त्यावर लेख लिहिणारे उपेंद्रकिशोर राय हे कलकत्त्याचे, सत्यजित राय यांचे आजोबा. चांगल्या गुळगुळीत कागदावर अशा ठिपक्यांच्या इंचाला दीडशें ओळी बसतात, आणि ओळीमागें दोन कण असावेत असा मुद्रकांचा ठोकताळा. झाले तीनशें. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला ह्याहून पुष्कळ कमी चालतात. डोळ्यांचा हिशेबहि ह्याच्याशीं जुळतो: एका फुटावरून निरोगी डोळ्याला इंचांत सुमारें २८६ कणांपलीकडचें वेगळें दिसत नाहीं. चौकांतल्या फलकावरील पुढारी थोडक्या ठिपक्यांत भागवून नेतात, कारण त्यांच्या इतक्या जवळ कोणी जात नाहीं.

"मूळ फोटो असता, आणि तो १२०० वर स्कॅन केला असता, तर बरेंचसें निभावलें असतें," ती म्हणाली. मी गप्प बसलों. पुराच्या आधीं तो अल्बम वर्षानुवर्षें हातीं होता आणि यंत्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत होतें.

पुतण्यानें मग दुसरा उपाय काढला. अलीकडे कृत्रिम बुद्धीचे प्रोग्रॅम अंधुक चित्र स्वच्छ करून देतात. त्यानें पाठविलेलें चित्र पाहून मी चकित झालों. भुवयांचा केस न् केस निराळा, डोळ्यांत चमक, पूर्ण पानावर खुशाल छापावें! तें मीं आईला दाखविलें. तिनें बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "हा कोण रे?"

मीं पुन्हां पाहिलें. वडिलांच्या कपाळावर लहानपणीं विहिरींत पडल्याची खोक होती. मूळ चित्रांत ती चारपांच कणांचा मळकट डाग एवढीच उरलेली. यंत्रानें तो डाग समजून पुसला होता आणि तेथें एका देखण्या, अनोळखी गृहस्थाचें कपाळ बसविलें होतें.

"कापूं नकोस त्यांना," आई म्हणाली. "ते असेच कडेला उभे राहायचे. असूं देत."

वडिलांची एक वही माडीवर असल्यामुळें वांचली होती. तिचें एक पान मीं इंचाला १२०० कण घेऊन स्कॅन केलें, कारण अक्षराच्या रेघांना करडी छटा नसते, नुसती कड असते, आणि ती कड ३०० मध्यें करवतीसारखी दिसते. पुस्तकांत डावीकडे तें अक्षर सबंध पानभर आहे. टांक कोठें उमलला तेंहि दिसतें. उजवीकडे मोकळ्या पांढऱ्या पानाच्या मधोमध चार इंच बाय तीन इंचांत आम्ही सारीं.

पहिली प्रत आईच्या हातांत दिली. तिनें चष्मा कपाळावर सारून पान अगदीं डोळ्यांशीं नेलें.

"बाही अजून दुमडलेलीच आहे," ती म्हणाली. "त्या दिवशीं शाळेला उशीर झाला होता त्यांना."